पैसे गेले, विश्वास राहू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. गुंतवणुकीच्या योजनेत फसून पैसे बुडाल्याचं तू दोन ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर स्वतःला शिव्या घातल्यास. मी बावळट, मला अक्कल नाही, यापुढे सख्ख्या भावावरही विश्वास ठेवणार नाही. पैशांपेक्षा मला त्या पानाचीच जास्त काळजी वाटली, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट ही की फसणं आणि अक्कल यांचा तू समजतोस तितका संबंध नाही. शेरलॉक होम्सला जन्म देणारे आर्थर कॉनन डॉयल शिक्षणाने डॉक्टर होते. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी पऱ्यांचे फोटो काढले. डॉयल यांनी ते खरे मानले आणि १९२० मध्ये मासिकात तसा लेखही लिहिला. कागदावरच्या आकृत्या कापून टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ मध्ये, म्हातारपणी, कबूल केलं. डॉयल यांनी १९१८ मध्ये तरुण मुलगा गमावला होता. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे काहीतरी आहे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. त्यांची बुद्धी शाबूत होती, पण ती त्या इच्छेच्या चाकरीला लागली होती. हुशार माणसाचं हेच अवघड असतं. जे मानायचं त्याने आधीच ठरवलेलं असतं, त्याच्यासाठी तो कारणंही उत्तम शोधून काढतो.

आता तू पैसे घातलेस त्या योजनेबद्दल. तू लिहिलंस, ‘मी डोळे झाकून पैसे दिले नाहीत. आधी गुंतवलेल्या लोकांना भेटलो, सगळ्यांना वेळेवर परतावा मिळत होता.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे देई आणि सांगे, हे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही आणखी तिकड्या सुचवा, बसतात की नाही ते मी सांगेन. नियमाची खात्री पटली की बोला. बहुतेकांच्या मनात लगेच येई, दोन-दोनने वाढणारे आकडे. मग ते विचारत ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. खात्री झाली, नियम सांगितला, आणि तो चुकला. खरा नियम इतकाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ५० सुद्धा चाललं असतं. पण ते विचारायला आपली कल्पना खोटी ठरेल असा प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो, आणि ते आपल्याला सहजासहजी सुचत नाही. आपण ‘हो’ गोळा करत जातो.

तू भेटलास ती माणसं म्हणजे ८, १०, १२ होती. धंदा खरा असता तरी त्यांना पैसे मिळालेच असते. आणि नव्यांचे पैसे जुन्यांना वाटण्याची बनवाबनवी असती, तरीही मिळालेच असते. तशी योजना चालते तोवर जुन्यांना वेळेवरच देते, म्हणून तर नवे येतात. म्हणजे ती माणसं खरं बोलत होती, तूही कष्ट घेतलेस, आणि तरी त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. विचारायला हवं होतं ते वेगळं. हे खोटं असेल तर मला काय दिसेल? मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. नफा नेमका कुठून येतो? हिशेब बाहेरच्या कुणी तपासलेत का? माझी सगळी रक्कम आज परत मागितली तर काय होईल?

अमेरिकेत लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफने अशाच बनवाबनवीने बँका, धर्मादाय संस्था आणि मुरलेले गुंतवणूकदार वर्षानुवर्षं फसवले. डिसेंबर २००८ मध्ये सगळं कोसळलं. पण हॅरी मार्कोपोलोस नावाचा विश्लेषक २००० सालापासून सरकारी नियामकांना सांगत होता की हे आकडे शक्यच नाहीत. त्याच्याकडे आतली बातमी नव्हती. मॅडॉफ जी पद्धत वापरतो म्हणायचा, ती त्याने कागदावर करून पाहिली आणि तसा नफा काही निघेना. बाजार कोसळो की चढो, नफा जवळजवळ ठरलेलाच, हे त्याला खटकलं. बाकीच्यांना नेमकी तीच गोष्ट भरवशाची वाटत होती.

आणखी एक. ‘सगळ्यांच्याच तोंडी होतं’ असं तू लिहिलंस. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. एकच निरोप पाच जणांनी पुढे पाठवला म्हणून पाच पुरावे होत नाहीत. ‘तुला कुणी सांगितलं?’ असं विचारत मागे मागे गेलास, तर बहुतेक वेळा सगळे धागे एकाच माणसापाशी पोचतात. आणि तुझ्या बाबतीत तो माणूस ‘आजच ठरवा’ म्हणत होता. घाई लावणाऱ्याला मुद्दाम थांबवायचं. जे खरं आहे ते उद्याही खरंच राहतं. त्या एका रात्रीत ज्याचा यात काडीचाही फायदा नाही अशा कुणालातरी सगळं सांगायचं. दुसऱ्याला सांगताना आपल्यालाच भोकं दिसू लागतात. आणि खातरजमा त्याच माणसाने दिलेल्या कागदांवरून आणि नंबरांवरून करायची नाही, बाहेरून करायची.

पण मित्रा, ‘आता कुणावरच विश्वास नाही’ हे मला अजिबात पटत नाही. त्यात मला शहाणपण दिसत नाही. सगळं मानणारा जितका विचार टाळतो, तितकाच काहीच न मानणारा टाळतो, कारण दोघांनाही प्रत्येक गोष्ट वेगळी तपासायचे कष्ट नको असतात. वर असा माणूस ‘सगळे तुला फसवतात, खरं फक्त मी सांगतो’ म्हणणाऱ्याच्या हाती अलगद सापडतो. डॉक्टर खोटे, वर्तमानपत्रं खोटी, तज्ज्ञ विकले गेलेले, असं एकदा मनात बसलं की पुढे काहीही खपतं. माणसं बहुतेक वेळा खरंच बोलतात. रस्ता विचारल्यावर उलटतपासणी नको. मोठी रक्कम, औषधोपचार, कुणाच्या चारित्र्यावरचा आरोप, इथे मात्र थांबायचं. आणि सगळ्यात जास्त थांबायचं ते ऐकून बरं वाटलं तेव्हा. न आवडणाऱ्या माणसाबद्दल वाईट ऐकलं की आपण पुरावा मागत नाही, आवडत्याबद्दल ऐकलं की दहा प्रश्न विचारतो. हे मला अजूनही सगळ्यात अवघड जातं.

आता तातडीचं. लाज वाटते म्हणून तक्रार केली नाहीस असं लिहिलंयस. ती कर, याच आठवड्यात. पावत्या, मेसेज, बँकेच्या नोंदी, काही पुसू नकोस. तू गप्प बसलास तर त्याच माणसाला पुढचं गिऱ्हाईक मिळेल. आणि हे नीट ऐक. फसलेल्यांची नावं अशा लोकांत पुन्हा विकली जातात. काही दिवसांत कुणीतरी वकील, अधिकारी किंवा वसुली कंपनी म्हणून तुला गाठेल आणि सांगेल, तुमचे पैसे सापडलेत, फक्त आधी थोडी फी भरा. तुला ते खरं असावंसं फार वाटेल. तेव्हा काही भरू नकोस, आधी मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी कर.

वहिनींना नमस्कार. त्यांना हे अजून सांगितलं नसशील तर आजच सांग.

तुझाच,
जुना मित्र