चिखलातली बिळं

एर्लांगेन,
9 नोव्हेंबर 2024

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा परवा पोचला. चिवडा शाबूत, शंकरपाळे शाबूत, चकल्यांचे तुकडे आणि अनारशांचा मात्र चुरा. चमच्याने खाल्ला. आईला सांगू नकोस, तिने एकेक अनारसा कागदात गुंडाळला होता.

फोनवर तुला माझं नीट ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू लावत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. गेल्या रविवारी तू विचारलंस, "तुझं ते डायनोसॉरचं कधी संपणार?" मी "पुढच्या वर्षी" म्हणाले आणि तेवढ्यात फोन आईकडे गेला. पुढच्या वर्षीचंही खरं नाही, पण ते डायनोसॉरचं तर मुळीच नाही गं. मी ज्या काळावर काम करते तेव्हा डायनोसॉर जन्मालाही आले नव्हते. मी बिळं मोजते. समुद्राच्या तळाशी चिखलात किड्यांनी, कोळंबीसारख्या जीवांनी केलेली बिळं. चिखलाचा दगड झाला, बीळ करणारा कधीच विरघळून गेला, बीळ राहिलं.

झालं असं, की सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात जमीन फाटून लाव्हा वाहायला लागला. आपली पर्वती, सिंहगड, वाड्याचं जोतं, सगळा काळा दगड ज्यातून आला त्याच जातीचं प्रकरण. फक्त आपला दगड 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे त्यामानाने पोरसवदा. (पुण्यात राहून माझं काम का होत नाही, हे तू विचारतेस ना? लाव्ह्यात बिळं कोण करणार!) तिकडच्या लाव्ह्याने जमिनीखालचे कोळशाचे थर भाजून काढले, कर्बवायू हवेत गेला, समुद्र तापला आणि तापलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी झाला. समुद्रातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जाती संपल्या. चीनमध्ये मेइशानला जे खडक आहेत त्यांवरून हिशेब लागलाय, की हे सगळं साठेक हजार वर्षांत आटोपलं. आमच्या धंद्यात साठ हजार वर्षं म्हणजे दुपारची डुलकी.

कोण कसं मेलं यावर पुष्कळ लोक काम करतात. मला पहिल्यापासून प्रश्न पडतो तो पुढचा, आणि तो तुझ्यामुळे. पानशेतच्या पुराच्या गोष्टी पुण्यात सगळेच सांगतात. 12 जुलै 1961, लकडी पुलावरून पाणी गेलं, कोण पत्र्यावर चढलं, कोणाची गाय वाहून गेली. पाणी ओसरलं की त्यांची गोष्ट संपते. तुझी तिथे सुरू व्हायची. लग्नाला दोन महिने झालेले, नारायण पेठेतला वाडा, माळ्यापर्यंत पाणी, आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून पाहिलंस तर घरभर चिखल. रुखवतातली भांडी चिखलात, कोठीतले तांदूळ कुजलेले. खडकवासल्याचंही धरण फुटल्याने नळ कोरडे, आणि वाड्याच्या आडात गाळ. "पाणी एका दिवसात गेलं गं, चिखल वर्षभर निघत होता," असं म्हणायचीस. घमेली भरभरून काढला आणि मागच्या अंगणात ढीग घातला.

मी सध्या तोच ढीग उपसते आहे म्हण.

सप्टेंबरमध्ये तीन आठवडे इटलीच्या उत्तरेला डोलोमाइट डोंगरांत होते. इथून म्युनिक, तिथून ब्रेनर घाट ओलांडून बोल्त्सानो, आणि मग बसने सिउसी नावाचं गाव. गावावर एक प्रचंड डोंगर उभा आहे, इटालियनमध्ये शिलियार, जर्मनमध्ये श्लेर्न. डोंगराच्या पायथ्याच्या घळींत मरणानंतरचे थर उघडे पडलेत. सगळ्यात खालच्या थरांशी बसलं की कळतं काय हरवलं होतं ते. दगड पानापानांनी सुटतो, वहीसारखा. एक पान करड्या मातीचं, एक चुनखडीचं, परत माती. बघायला सुंदर, पण ते सौंदर्य भीतीदायक आहे, कारण चिखल असा पानापानांनी राहतो तेव्हा त्यात कोणी फिरलेलं नसतं. जिवंत समुद्राचा तळ सतत ढवळलेला असतो. तुझ्या गच्चीतल्या गांडूळखताच्या कुंडीत कधी थर दिसतात का?

आणि तू सांगतेस तेच तिथेही. गांडुळं माती भुसभुशीत करतात, हवा खाली नेतात, खालचं सत्त्व वर आणतात. समुद्रात हे काम बिळं करणाऱ्यांचं. ते गेले, तळ कुबट झाला. तळ कुबट, म्हणून नवे कोणी येऊन राहीनात. कोणी राहीना, म्हणून तळ कुबटच. ही कोंडी फुटते कशी, हा माझा प्रबंध. बाकी तीनशे पानं व्हर्नियरने मोजलेल्या बिळांच्या रुंदीची.

बरं, एकदा मार खाऊन भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पुढच्या पन्नास लाख वर्षांत परत परत तापलं. मधल्या एका टप्प्यात विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी वरच्या अंगाला जवळजवळ 40 अंशांपर्यंत गेलं होतं. जरा कोणी बस्तान बसवावं की पुन्हा उचलबांगडी. प्रवाळांचा पत्ता नाही. जमिनीवर इतकी वाताहत की सुमारे एक कोटी वर्षं जगात कुठे कोळसाच तयार झाला नाही, कारण कोळसा व्हायला दलदलीतली दाट जंगलं लागतात आणि ती नव्हती.

मग राहिलं कोण? पुरानंतर पेठेत पहिला कोण परतला, तर कोपऱ्यावरचा भजीवाला, हे तुझंच. एक शेगडी, एक कढई, बसायला खोकं. त्याला बाकी काही लागत नव्हतं. सिउसीच्या त्या थरांत क्लाराया नावाचा एक पातळ शिंपला आहे. कमी प्राणवायूत भागवणारा. दुसरं काही सापडत नाही आणि याचे ठसे एकावर एक. गोगलगायी आहेत, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या. जमिनीवरचा भजीवाला म्हणजे लिस्ट्रोसॉरस, दोन सुळ्यांचा, डुकरासारख्या बांध्याचा. त्याची हाडं दक्षिण आफ्रिकेत मिळतात, अंटार्क्टिकात मिळतात आणि आपल्याकडे बंगालात राणीगंजच्या बाजूलाही.

आता एक फजिती. दगड फोडून घ्यायच्या आधी त्यावर वरची बाजू कुठली हे बाणाने लिहायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवते. एका संध्याकाळी पाऊस आला, घाईघाईत चार किलोचा दगड पिशवीत टाकला, पाठीवरून खाली आणला, इथे प्रयोगशाळेत करवतीवर ठेवला, आणि बाण नाही. इंग्रजी यू-सारखं बीळ असतं तर त्याच्या उघड्या तोंडांवरून वर-खाली कळलं असतं. पण त्या थरात बिळंच नाहीत. म्हणून तर तो आणला होता. आता माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलाय.

त्या पायथ्यापासून मी एक दिवस वर चढत गेले. थरांमागून थर, आणि हळूहळू दोऱ्याएवढी बिळं, मग पेन्सिलीएवढी, मग करंगळीएवढी. एका ठिकाणी थरच दिसेनात, सगळा दगड ढवळलेला. तिथे मी चक्क बसून तुझ्या चकलीची आठवण काढली. आणखी वर तो फिकट कडा. तो म्हणजे शेवाळं, स्पंज, सूक्ष्मजीव आणि थोडी नवी प्रवाळं यांनी समुद्रात रचलेला, मरणानंतर सुमारे एक कोटी वर्षांनी. सहा तासांची चढण. गुडघे अजून दुखतायत, पण ते तू आईला सांगशीलच.

सगळं पूर्ववत झालं का, असं तू विचारशील. नाही. तळावर आधी ब्रॅकिओपॉड नावाच्या दोन झडपांच्या जीवांचं राज्य होतं, दिसायला शिंपल्यांसारखे पण कुळ वेगळं. ते पूर्ण संपले नाहीत, आजही कुठे कुठे आहेत, पण जागा मिळवली ती शिंपल्यांनी. वाडा पडला आणि आपण सहकारनगरला सोसायटीत आलो, तसं. ही तुलना मी प्रोफेसरबाईंना सांगितली तर त्यांनी मला वाड्याचं चित्र काढायला लावलं. चौक काढला, आड काढला, त्यांना ते गढीसारखं वाटलं.

तुलना फार ताणत नाही. तुमच्याकडे घमेलं धरायला माणसं आली, तिथे कोणी नव्हतं.

पण एक गोष्ट मला तुझ्याकडूनच हवी आहे. आमच्याकडे भांडण चाललंय ते समुद्र सावरायला किती वर्षं लागली यावर. चीनमध्ये ग्वेयांगजवळ जीवाश्मांचा एक ठेवा सापडलाय, ज्याची माहिती 2023 मध्ये छापून आली. मरणानंतर साधारण दहाच लाख वर्षांत तिथे मासे, झिंगे, शिंपले, सगळी पंगत बसलेली. आणि माझ्या सिउसीत त्याच सुमाराला बिळं अजून बारीकच आहेत. एक गट म्हणतो लवकर सावरलं, दुसरा म्हणतो फार उशीर लागला. मला वाटतं दोघांनी आपापलंच अंगण पाहिलंय.

अंगणातल्या तुळशीवरून तुझं आणि इंदूआजीचं कायम वाजायचं. त्या चिखलात तुळस धरेना, दोन वर्षं धरली नाही, असं तू म्हणतेस. इंदूआजी म्हणायची, छे, दुसऱ्याच पावसाळ्यात हातभर झाली होती. पण ती माहेरी सदाशिव पेठेत होती, त्यांच्या घरापर्यंत पाणी चढलंच नाही. ती कुठली तुळस सांगायची, तुमची की तिची? आणि तुमची तुळस शेवटी त्याच ढिगात धरली, की बाहेरून नवी माती आणून घातलीत? आठवून आईला सांग, ती मला लिहील. गांडुळं आधी दिसली की तुळस, तेही.

तुझी,
सई