स्टीलच्या भांड्याचे कॉफीयंत्र घेण्यापूर्वी

बेळगाव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की आपल्या घरी आहे तसे स्टीलच्या थर्मास-भांड्याचे कॉफीयंत्र घ्यावे, की त्याहून बरेच स्वस्त मिळणारे काचेच्या भांड्याचे घ्यावे. तेव्हा मी घाईत ‘स्टीलचेच घे’ एवढेच सांगितले. पण घरात ते यंत्र रोज हाताळणारी मी आहे आणि ते विकत घेणाऱ्याला दुकानदार काय सांगत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही यंत्रांचे पोट एकच असते. टाकीतले पाणी तळाच्या बारीक नळीत उतरते, तिथल्या कॉइलने ते तापते आणि उकळू लागले की वाफेचे बुडबुडे त्याला थोडे थोडे करून वरच्या नळीतून ढकलतात. तिथून ते गाळणीतल्या पावडरीवर ठिबकते आणि कॉफी होऊन खालच्या भांड्यात उतरते. पाणी मागे टाकीत परतू नये म्हणून वाटेत एकाच बाजूने उघडणारी छोटी झडप असते. यंत्राचा जो गुडगुड आवाज येतो तो या वर चढणाऱ्या पाण्याचा. असे विजेवर ठिबकणारे यंत्र जर्मनीत 1954 साली ‘विगोमॅट’ या नावाने प्रथम निघाले. त्यात लागणारा गाळणकागद त्याहून जुना आहे. तो 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स या गृहिणीने काढला, आणि त्यासाठी तिने पहिल्यांदा वापरला तो मुलाच्या वहीतला टीपकागद.

फरक पडतो तो कॉफी तयार झाल्यानंतर. काचेचे भांडे तापलेल्या तबकडीवर बसलेले असते, त्यामुळे कॉफी गरम राहते हे खरे, पण ती सारखी शिजतही राहते, आणि अर्ध्या-पाऊण तासात तिला करपट, कडवट चव येते. स्टीलच्या भांड्याला दोन भिंती असतात व मधली हवा काढून घेतलेली असते. त्याला खालून उष्णता लागतच नाही, आत आलेली उष्णता तेवढी बाहेर जाऊ दिली जात नाही. आपल्या घरी मी पहाटे उठते, तुझे बाबा किल्ल्याच्या तळ्याला फेरी मारून उजाडल्यावर येतात आणि आजींची कॉफी स्नान-पूजा आटोपल्याशिवाय होत नाही. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळे पातेले चढत असे. आता कॉफी एकदाच होते आणि ज्याच्या त्याच्या वेळेपर्यंत थांबते. तुझ्या घरी सूनबाई सकाळच्या बसला निघते आणि तू रात्रीचे काम संपवून उशिरा उठतोस, तेव्हा तुमच्यासाठी हे भांडे आमच्यापेक्षाही सोयीचे ठरेल.

मात्र त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नकोस. पहिला तासभर चव चांगली टिकते आणि दोन तासांपर्यंत ती आवडीने पिता येते. त्यानंतर कॉफी गरम असते, पण तिचा वास उडालेला असतो आणि ती चवीला पडते. दुपारसाठी सकाळची ठेवण्यापेक्षा दुपारी ताजी करावी. भांडे अर्धेच भरले असेल तर ते लवकर निवते, हेही ध्यानात ठेव. दोघांना मिळून जेवढी लागते तेवढ्याच मापाचे भांडे घे. भांड्यावर लिहिलेला ‘कप’ बहुधा सव्वाशे मिलिलिटरचा धरतात, आपल्या घरच्या पेल्याचा नव्हे. म्हणजे आठ कपांचे भांडे जेमतेम लिटरभराचे होते.

भांडे आधी तापवून घेणे हे सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच लोक टाळतात. थंड स्टील कॉफीची बरीचशी उष्णता स्वतःच पिऊन टाकते, आणि आपल्याकडे श्रावणात ओट्यावरचे भांडेसुद्धा हाताला गार लागते. उकळते पाणी घालून झाकण लाव, पाच मिनिटांनी ते ओतून दे आणि मगच भांडे यंत्रात ठेव. तसे न केल्यास तासाभराने कॉफी कोमट झाल्याचा दोष तू भांड्याला देशील. कॉफीसाठी पाणी 92 ते 96 अंश सेल्सिअस असावे असे जाणकार सांगतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, तुमच्या पुण्यात त्याहून किंचित अधिक तापमानाला. दोन्ही ठिकाणी यंत्राला अडचण येत नाही.

झाकणाबद्दल नीट वाच. गाळणीच्या तळाशी एक छोटे बटण असते. भांड्याचे झाकण त्याला खालून वर दाबते तेव्हाच कॉफी खाली उतरते, आणि भांडे काढून घेतले की ठिबकणे थांबते. झाकण अर्धवट फिरवलेले असेल किंवा भांडे पुरते आत सरकलेले नसेल, तर ती वाट बंदच राहते, वरून पाणी येतच राहते, आणि चोथ्यासकट काळे पाणी गाळणीवरून ओट्यावर उतू जाते. भांडे ठेवल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय कळ दाबू नये. कॉफी उतरल्यावर ओतण्याआधी भांडे हलकेच गोल फिरवून घ्यावे, कारण सुरुवातीला उतरणारी कॉफी दाट असते, शेवटची पातळ, आणि ती आपोआप नीट मिसळत नाही. अन्यथा एकाच्या पेल्यात कडू आणि दुसऱ्याच्या पेल्यात नुसते रंगीत पाणी जाते.

आता पावडरीविषयी, कारण आपल्या भागातल्या माणसाची निराशा बहुतेक इथेच होते. शेजारच्या अक्कांच्या घरी पितळेच्या फिल्टरमध्ये दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतो आणि त्यात दुप्पट-तिप्पट उकळते दूध घालून डबऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीतून, कॉफी फेसाळत येते. त्या चवीच्या अपेक्षेने या यंत्राजवळ जाणारा फसतो, कारण हे यंत्र डिकॉक्शन करीतच नाही, ते पिण्याजोगी काळी कॉफी करते. तिच्यात तेवढे दूध घातले तर दोन्हींची चव जाते. लिटरभर पाण्याला 55 ते 60 ग्रॅम पावडर हे काळ्या कॉफीचे नेहमीचे माप आहे. आपण दूध घेणारे असल्यामुळे मी 75 ग्रॅमपर्यंत घालते आणि पेल्यात एक चतुर्थांशच दूध, तेही चांगले कढत, घालते. बाबांना ही कॉफी आवडू लागली ती हे प्रमाण जमल्यावर.

पावडर घेताना पाकिटावरचे बारीक अक्षर वाच. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याला थोडी कमी, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) कायद्याने चालते. पितळेच्या फिल्टरला ती शोभते आणि अक्कांची कॉफी तिच्याशिवाय होत नाही, पण या यंत्रात ती गाळणकागदावर चिकट थर धरते आणि पाणी तुंबते. चिकमगळूर किंवा कोडगूची बिनचिकोरीची पावडर घे, शक्य असेल तिथे डोळ्यांदेखत दळून, आणि ‘ड्रिपसाठी’ असे स्पष्ट सांग. ती हाताला जाड्या रव्यासारखी लागली पाहिजे. मैद्यासारखी बारीक असेल तर कॉफी कडू होते आणि गाळणी भरून वाहते. देशातली बहुतेक कॉफी, जवळजवळ सत्तर टक्के, आपल्याच कर्नाटकात पिकत असताना महागडे परदेशी पाकीट घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आजींना जायफळ घातलेलीच कॉफी लागते, हे तुला माहीत आहे. ते जायफळ, वेलची किंवा साखर गाळणीत किंवा भांड्यात मुळीच घालू नये. जायफळ दुधात उगाळावे आणि साखर प्रत्येकाच्या पेल्यात घालावी. दूध तर त्या भांड्यात चुकूनही ओतू नकोस. बंद कोमट भांड्यात दूध काही तासांत नासते, आणि झाकणाच्या खाचांत राहिलेला त्याचा वास पुढे कित्येक दिवस प्रत्येक कॉफीत उतरतो.

कागदी गाळणी की कायमची जाळीची, असा प्रश्न तुला पडेलच. जाळीने खर्च वाचतो, पण कॉफीतला तेलकट अंश तिच्यातून निसटतो, आणि त्यातला काही भाग कोलेस्टेरॉल वाढवणारा असतो. कागद तो बराचसा अडवतो. बाबांची रक्ततपासणी झाल्यापासून आपल्याकडे कागदच आहे. तुझ्या आजोबांनाही तो त्रास होता, तेव्हा तूही कागदच वापरावास असे माझे मत आहे.

पाण्याची हेळसांड करू नकोस. आपल्याकडे राकसकोप जलाशयाचे पाणी नळाला येते तेव्हा यंत्राला काही होत नाही, पण उन्हाळ्यात बोअरचे पाणी वापरावे लागले की नळीत क्षारांचा पांढरा थर बसतो, पाणी सावकाश चढते आणि पुरेसे तापत नाही. तुमच्या सोसायटीत टँकर येतो म्हणालास, म्हणून सांगते. कॉफी उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की टाकीत लिटरभर पाण्यात मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून यंत्र चालव, आणि नंतर दोन वेळा नुसते स्वच्छ पाणी काढून टाक.

भांडे रोज गरम पाण्याने विसळून, उघडे, पालथे घालून वाळवावे. आठवड्यातून एकदा चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घालून तासभर ठेवले की आतला तपकिरी, तेलकट थर सुटतो. मग लांब दांड्याच्या मऊ ब्रशने घासावे. तारेची घासणी लावू नये, ते फ्रीजमध्ये ठेवू नये आणि पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण सांध्यातून पाणी भिंतींच्या मध्ये शिरले की गरम ठेवण्याचा गुण संपतो. बाहेरून भांडे हाताला गरम लागू लागले तर तो संपला असे समज. यंत्र हजार वॅटच्या आसपासचे असते, ते इन्व्हर्टरवर लावू नकोस. वीज जाण्याआधी कॉफी उतरली असेल तर हे भांडे ती सांभाळतेच, आणि काचेच्या भांड्याला ते जमत नाही.

एवढी निगा दोघांपैकी कोणाकडून होणार असेल तरच स्टीलचे घे. होणार नसेल तर काचेचे घ्यावे आणि कॉफी उतरताच यंत्र बंद करून लगेच प्यावी, त्यातही कमीपणा नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानात झाकण उघडून पाहा, ते सुटे होऊन आतून धुता येते की नाही आणि त्याची रबरी कडी वेगळी विकत मिळते की नाही, हे विचार. भांडे वर्षानुवर्षे टिकते, आधी झिजते ती ही कडीच.

पावडर मी येथून दळून गणपतीला येणाऱ्या तुझ्या काकांबरोबर पाठवते. ती हवाबंद डब्यात ठेवावी. सूनबाईस आशीर्वाद.

तुझी,
आई