आमदार भेट : रविवारी येण्याआधी एवढे वाचून या

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आपल्या सभागृहात मतदारसंघाच्या आमदारांशी भेट आहे. वेळ तासाभराचीच, म्हणून तयारीने या.

1. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांचे 2024 च्या निवडणुकीचे शपथपत्र (नमुना 26) आहे. शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज, प्रलंबित खटले सगळे त्यात सापडते. मात्र ही माहिती उमेदवाराने स्वतः दिलेली आणि अर्ज भरतानाची असते. आजची समजून वाद घालू नका.

2. आपल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे नमुना 20 मध्ये (अंतिम निकालपत्रकात) केंद्रनिहाय मिळते.

3. गटार, कचरा, गल्लीतले दिवे हे विषय महापालिकेचे. मागच्या वेळी निम्मा वेळ त्यातच गेला! आमदारांकडे मागायचे ते विधानसभेत प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना), राज्याच्या खात्यांकडे पाठपुरावा.

4. आमदार निधीची रक्कम त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. जागा कोणाच्या मालकीची हे स्पष्ट नसेल तर प्रस्ताव तिथेच अडकतो. त्यामुळे काम मागणाऱ्यांनी जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणावीच.

प्रश्न लेखी, एका कागदावर एकच. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सचिवांकडे द्या. आयत्या वेळचे घेतले जाणार नाहीत. पक्षाचे झेंडे, उपरणी, घोषणा नकोत. हार-तुरेही नकोत, त्यात दहा मिनिटे जातात.