आण्णांचे पैसे

प्रिय सुमे,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतेय. इकडे सगळे बरे, आईची शुगर आटोक्यात आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला हे सलग सांगायचंय. आण्णा माझ्याशी बोलत नाहीयेत.

ते रिटायर झाले हे तुला माहीतच आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 15 लाखांच्या आसपास खात्यावर जमा झाले. पुढच्याच रविवारी सकाळच्या गाडीने पुण्यात हजर! पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आधी पासबुक माझ्या पुढ्यात ठेवलं. "चल, फ्लॅट बघून येऊ. तुझ्या नावावर घ्यायचा."

रावेतला गेलो. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. बाकी सगळे बुटांनिशी फिरत होते. खोल्यांना दारं नव्हती आणि पलंग आपल्या होस्टेलच्या कॉटपेक्षा आखूड, खोली मोठी दिसावी म्हणून. आण्णांचं तिकडे लक्षच नाही. ते ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "तुझ्या आईच्या उंचीला बरोबर आहे." सुमे, तिथे नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

रात्री हिशोब मांडला. फ्लॅट 62 लाखांचा. बँक देऊन देऊन 80 टक्के देणार, म्हणजे साधारण 49 लाख. उरलेले 13 आपले. बांधकाम चालू असल्यामुळे वर 5 टक्के जीएसटी, 3 लाख 10 हजार. स्टँप ड्युटी 7 टक्के, बाईच्या नावावर एक टक्का सूट, तरी पावणेचार लाखांच्या घरात. नोंदणीचे 30 हजार. म्हणजे वीस लाख रोख हवेत. माझे सहा, बाकी आण्णांचे जवळजवळ सगळे.

आणि हप्ता? साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना साडेबेचाळीस हजार. पहिल्या हप्त्यातले पावणेपस्तीस हजार नुसत्या व्याजात जातात, मुद्दल आठ हजारही फिटत नाही. पगाराचे हातात येतात 68 हजार. ताबा 2028 च्या शेवटी, तोवर बँक जसजसे पैसे सोडेल तसतसं व्याज आणि खोलीचं भाडं दोन्ही माझ्याच माथी. ऑफिसात जो तो सांगतो, "टॅक्स वाचतो की!" मी नव्या कररचनेत आहे, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. तो एजंट तर रोज सकाळी फोन करतो, सोमवारपासून रेट वाढणार म्हणून. त्याचा सोमवार अजून उजाडलेला नाही. (त्या निपाणीच्या साडीवाल्याची आठवण झाली. तू दोन घेतल्यास!)

पण माझं अडलंय ते हप्त्यापाशी नाही. आण्णांना पीएफची पेन्शन तीन हजारसुद्धा नाही. इतकी वर्षं रात्रीच्या गाड्या काढल्या, कंबर गेली, त्याचे हे एवढेच पैसे. संजूचं डिप्लोमाचं अजून एक वर्ष आहे. उद्या माझी नोकरी गेली, तर हप्ता कोण भरणार आणि ते दोघं खाणार काय?

मी त्यांना पोस्टातली सीनियर सिटिझन योजना सांगितली. साठ पूर्ण नसली तरी पंचावन्नच्या पुढे रिटायर झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत भरता येतात. 8.2 टक्क्यांनी 15 लाखांवर दर तिमाहीला 30,750 रुपये. ही मुदत चुकली की साठीपर्यंत थांबा. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माझे पैसे तुला जड झाले का?" संध्याकाळच्या गाडीने परत. स्टँडवर सोडायलाही येऊ दिलं नाही.

खरं दुखणं पुढेच आहे. आत्याने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "पोरीच्या नावावर घर? उद्या जावयाच्या घशात जाईल." आण्णांनी तिला सुनावलं, "घर माझ्या पोरीचं. जावई आला तर पाहुणा म्हणून येईल." आईनेच मला सांगितलं. आपल्या भावकीत मुलीसाठी असं बोललेला दुसरा बाप दाखव मला. आणि त्याच माणसाला मी नाही म्हटलं. रडू येतं गं. तरी मी नाहीच म्हणणार. घर मला हवंय, पण माझ्या पगारातून साठवून, पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं. त्यावर जीएसटीही नसतो.

हे तुलाच लिहितेय, कारण तुझ्या अप्पांनी पतसंस्थेत जामीन राहून सही केली तेव्हा तू बारावीत होतीस आणि पुढे काय झालं ते मी पाहिलंय. काकूंच्या पाटल्या गेल्या त्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला होतीस. आण्णांना हे माझ्या तोंडून पटणार नाही. तुझ्या तोंडून पटेल. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत, मॅट्रिकच्या सहलीपासून. (सिलिंडरचे पैसे मीच दिले होते. ते भांडण मिटलेलं नाही, भेटलीस की पुढे चालू.)

तुझी बदली नागपूरलाच झाली का? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? पिल्लूचे दात आले असतील, फोटो पाठव.

आण्णांना फोन कर. संध्याकाळी सातला नको, बातम्या चालू असतात. सकाळी चहा झाल्यावर कर. पोस्टाची मुदत मार्चच्या 20 ला संपते. फॉर्म मी आईकडे देऊन ठेवलाय, पासपोर्ट साइझ फोटो आणि पॅनची झेरॉक्स जोडून. फक्त त्यांची सही राहिलीय. मी काही सांगितलंय असं मात्र म्हणू नकोस, अप्पांची गोष्ट सांग.

तुझी,
वैशू