मटण आठला, गांधी दोनला

प्रिय सुधीर,

झोपण्यापूर्वी घेतलेल्या गोळीने रात्री दोनला अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या, असं तू लिहितोस. मला संशय आहे तो रात्री आठच्या मटणाचा. आणि पायाला गोचीड चिकटली होती, हे तू शेवटी जाता जाता सांगितलंस. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे घास उतरल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणार, असंच आपण धरून चालतो. इथे दोन ते सहा तास काहीच होत नाही. कारण बाधते ती मांसातली अल्फा-गॅल नावाची साखर. ती गाय, डुक्कर, शेळी-मेंढीत असते. माणसात, कोंबडीत, माशात नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यावर शरीर तिच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (अ‍ॅलर्जी घडवणारी प्रथिनं) बनवतं आणि आयुष्यभर पचलेलं मांस काही आठवड्यांनी अचानक बाधू लागतं. तेही दर वेळी नाही! चरबी जास्त असली, सोबत दारू किंवा व्यायाम झाला की जोर वाढतो. काहींना तर फक्त पोटात मुरडा आणि जुलाब होतात. त्यांचं निदान हमखास चुकतं.

गांधींबरोबर धाप, घशात आवळल्यासारखं, पुन्हापुन्हा उलट्या किंवा चक्कर, यातलं काहीही आलं तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस समज. तिथे अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नकोस. ती खाज थांबवते, पडणारा रक्तदाब सावरत नाही. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं: मोठ्या माणसाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरा डोस. आडवं पडून पाय वर घ्यायचे, धाप असेल तर बसायचं. एकदम उठून चालायला लागणं जिवावर बेतू शकतं. बरं वाटलं तरी रुग्णालय गाठायचंच.

डॉक्टरांना ‘अल्फा-गॅल आयजीई’ अशी नाव घेऊन तपासणी सांग. नुसता आकडा वाढलेला म्हणजे आजार नव्हे, म्हणून जेवणाची आणि त्रासाची वेळ लिहून ने. जिलेटिनच्या कॅप्सूलही दाखव, जिलेटिन जनावरांपासूनच बनतं; काहींना त्या आणि दूधही बाधतं. तोवर ‘थोडं खाऊन बघतो’ हा प्रयोग नको.

पुन्हा गोचीड दिसली तर तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ, पिळू नकोस. नव्या गोचिडी चावल्या नाहीत तर प्रतिपिंडं पुष्कळांत वर्षा-दोन वर्षांत उतरतात. चावत राहिल्या तर पुन्हा चढतात.

निकाल आला की कळव.

तुझा,
अनंत