तंटामुक्ती समितीच्या गुरुजींना, एका जुन्या विद्यार्थ्याचे जाहीर आभारपत्र

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

येत्या ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्षपद सोडणार असल्याचे तुम्ही परवा सांगितलेत आणि त्याच दमात शाल-श्रीफळ, हार, भाषणे यांतले काहीही नको, असेही बजावलेत. तुमचा शब्द मोडायचा नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहितो आहे, कारण आमच्या घरच्या भांडणाची कथा गावाने तुकड्यातुकड्याने ऐकली असली, तरी ते कसे मिटले हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तात्यांना आणि त्यांच्या मुलाला हे पत्र आधी वाचून दाखवले आहे. दोघांच्या संमतीनेच ते सर्वांसमोर ठेवत आहे.

एप्रिल २०२३ मधील ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. आंबे बहर (डाळिंबाचा उन्हाळी हंगाम) धरलेल्या आमच्या बागेतील अकरा ओळींच्या ठिबकच्या नळ्या रात्रीतून कोयत्याने कापल्या गेल्या होत्या. झाडांवर फळे होती, वर माण तालुक्यातले ऊन होते आणि पाणी कमी-जास्त झाले की डाळिंबाचे फळ तडकते, हे इथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. नळ्या कोणी कापल्या हे दुपारपर्यंत कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन केंद्रावर भर गर्दीत माझ्या वडिलांनी तात्यांच्या मुलाच्या कानशिलात मारली. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे चुलत भाऊ आणि तो मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरे पोलीस ठाण्यात जाऊन आली आणि दोन्हीकडे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा एकेक कागद आला. सोयरेधायरे, शेजारीपाजारी, येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, 'मिटवून टाका.' गुरुजी, त्या आठवड्यात आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवून हे दोन शब्द ज्याने उच्चारले नाहीत असे एकटे तुम्हीच होतात, आणि माझ्या आभारांचे मूळ तिथेच आहे.

तुम्ही आलात, ओसरीवर बसलात आणि वडिलांना किंवा मला विचारण्याआधी आईला विचारलेत, 'बाई, तुमचं काय म्हणणं आहे?' भांडण जमिनीचे, पाण्याचे आणि पुरुषांचे, असे आम्ही गृहीत धरले असल्यामुळे आईचे काही म्हणणे असू शकते, हे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'रात्रीच्या लायटीला हा एकटा विहिरीवर जातो. तो परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. आता तर कोण कुठं दबा धरून बसलंय, हेही माहीत नाही.' त्याच संध्याकाळी तुम्ही तात्यांकडे गेलात आणि काकूंनाही तोच प्रश्न विचारलात. त्यांनी जवळजवळ त्याच शब्दांत तीच भीती सांगितली, हे आम्हाला तीन आठवड्यांनी, शाळेच्या खोलीतल्या बैठकीत कळले. दोन बायका एकाच विहिरीच्या दोन बाजूंना वर्षभर जाग्या राहत होत्या आणि आम्ही पुरुष कोणाची मोटार किती वेळ चालली याचा हिशेब करत होतो.

बैठक कुठे घ्यायची यावर तुम्ही किती विचार केलात, याचे महत्त्व मला नंतर समजले. चावडीवर घेतली असती तर बघ्यांची गर्दी झाली असती आणि गर्दीसमोर कोणीही आपली चूक कबूल करत नाही. देवळात घेतली असती तर शपथांवर शपथा झाल्या असत्या. तुम्ही रविवारची वेळ घेतलीत आणि ज्या वर्गात मला आणि तात्यांच्या मुलालाही चौथीपर्यंत शिकवलेत, त्याच वर्गात सगळ्यांना एका जाजमावर बसवलेत. नियम एकच होता: समोरच्याचे बोलणे त्याला 'हो, मी हेच म्हणालो' असे वाटेपर्यंत आपल्या तोंडून सांगितल्याशिवाय स्वतःचे बोलायचे नाही. पहिल्या रविवारी वडील याच नियमावर चिडून उठून गेले, तेव्हा तुम्ही त्यांना थांबवले नाहीत आणि त्यांच्यामागे माणूसही पाठवला नाहीत. पुढच्या रविवारी ते स्वतः आले.

त्या मुलाने नळ्या का कापल्या, हे आम्हाला खरोखर ठाऊक नव्हते. सामाईक विहिरीवर एक दिवसाआड पाळी होती, पण शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, त्यामुळे पाळी दिवसांवर मोजली की एकाला सलग रात्रीच वाट्याला येतात. त्या मार्चमध्ये नेमके तसेच झाले होते. शिवाय आमच्या बागेला ताण पडू नये म्हणून मी तीन-चार वेळा मोटार ठरल्यापेक्षा जास्त चालवली होती आणि घरात कोणाला सांगितलेही नव्हते. त्यांचा चाऱ्याचा मका वाळला, विकतचा चारा परवडेना आणि शेवटी त्यांना गाभण गाय पडत्या भावात विकावी लागली. ती गाय त्या मुलाने वासरापासून वाढवली होती. हे तो बोलत होता तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे त्याचे म्हणणे परत सांगण्याची पाळी माझ्यावर आली. 'मी मोटार जास्त चालवली, म्हणून तुझी गाय गेली,' हे वाक्य माझ्याच तोंडून निघाले. पोलीस ठाण्यातल्या कागदावर मी फिर्यादीच्या बाजूचा होतो. त्या जाजमावर मात्र मीही कोणाचे तरी नुकसान केलेला माणूस ठरलो, आणि हे कोणी मला सुनावले नव्हते.

नुकसानभरपाईच्या बाबतीत तुमचा आग्रह आम्हाला तेव्हा जाचक वाटला होता. नऊ हजार चारशे रुपयांच्या नळ्या आणि जॉइनर यांचे पैसे तात्या तिथल्या तिथे काढून देत होते. तुम्ही त्यांचा हात धरलात आणि म्हणालात, 'बापाने दिले तर ती दंडाची पावती होईल. ज्याने कापल्या त्यानेच त्या जोडू देत.' त्याने ट्रॅक्टरवर चालक म्हणून काम करून चार हप्त्यांत पैसे दिले, आणि माझ्याबरोबर तीन दिवस उन्हात ओणवे राहून अकराही ओळी पुन्हा अंथरल्या. पहिल्या दिवशी आम्ही एक शब्दही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे पाणी मागितले. तिसऱ्या दिवशी त्याने दाखवून दिले की आमच्या सबमेनला, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपला, एका ठिकाणी पूर्वीपासूनच गळती होती, आणि ती दुरुस्तही त्यानेच केली.

माझ्या वडिलांच्या माफीविषयी तुम्ही कधीही घाई केली नाहीत. थप्पड चारचौघांत मारली, तेव्हा माफीही चारचौघांत हवी, एवढे त्या मुलाने सांगितले होते आणि तुम्ही ते जसेच्या तसे वडिलांपुढे ठेवलेत. त्यांनी तीन आठवडे घेतले. मग एका सकाळी दुधाची किटली खाली ठेवून, त्याच केंद्रावर, त्याच माणसांसमोर ते म्हणाले, 'मी हात उचलायला नको होता. पोरा, चुकलं माझं.' माझ्या वडिलांना मी उभ्या आयुष्यात असे बोलताना ऐकले नव्हते. तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही मुद्दाम आला नाहीत, हे मला नंतर कळले.

एवढ्यावर कोणीही हात झटकले असते. पण पाण्याच्या भांडणामागे जमिनीचे जुने दुखणे आहे, हे तुम्ही पहिल्याच बैठकीत ओळखले होते. माझ्या आजोबांनी आणि तात्यांच्या वडिलांनी सोयीसाठी दोन तुकड्यांची तोंडी अदलाबदल केली होती, त्यामुळे एका गटाच्या सातबाऱ्यावर आमचे नाव आणि वहिवाट त्यांची, तर दुसऱ्यावर त्यांचे नाव आणि वहिवाट आमची, असे दोन पिढ्या चालले होते. एका तुकड्याजवळून डांबरी रस्ता गेला, भाव वाढला आणि 'उद्या हे कागद पुढे करतील' ही शंका दोन्ही घरांत शिरली. राज्य शासनाची सलोखा योजना त्याच वर्षी जानेवारीत आली होती. किमान बारा वर्षे एकमेकांच्या ताब्यात असलेल्या शेतजमिनींचा अदलाबदल दस्त नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि शंभर रुपये नोंदणी फी भरून करता येतो, हे आम्हाला तुमच्याकडून समजले. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यासाठी तुम्ही या वयात चार वेळा आमच्याबरोबर तालुक्याला आलात. डिसेंबरमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला, तेव्हा चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर वडील आणि तात्या यांच्यात जो वाद झाला, तो गेल्या दहा वर्षांतला त्यांचा पहिला गोड वाद होता.

गुरुजी, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, तेव्हा गृहमंत्री होते. गावातल्या तंट्यांना गावातच वाट मिळावी, कोर्टकचेरीत पिढ्या आणि जमिनी संपू नयेत, हा त्यामागचा विचार मला आजही थोर वाटतो. परंतु तंटे मिटवणाऱ्या गावांना पुरस्कार मिळत, त्या काळात आपल्या गावातही आकड्यांची घाई झाली होती. दोघांच्या सह्या घेतल्या की तंटा 'मिटला' म्हणून नोंदवहीत जाई आणि पुढच्या सुगीला तोच तंटा दुप्पट जोराने उगवे. वेशीवरचा फलक उन्हाने पुसट झाला, तसा गावाचा उत्साहही ओसरला. तुम्ही अध्यक्ष झालात तेव्हा बक्षिसाचा विषयच उरला नव्हता. कदाचित म्हणूनच काम खरे झाले, असे मला वाटते.

तुम्ही काय केलेत याइतकेच, तुम्ही काय करायला नकार दिलात, याचेही ऋण गावावर आहे. एका घरातील सुनेला झालेल्या मारहाणीचे प्रकरण समितीपुढे आणून 'घरातल्या घरात' संपवावे, असा तुमच्यावर किती दबाव होता हे मी जवळून पाहिले आहे. मारणारा आणि मार खाणारी यांना एका जाजमावर बसवून दोघांनी थोडे थोडे सोडा म्हणणार नाही, असे तुम्ही स्पष्ट सांगितलेत आणि त्या बाईंच्या इच्छेने त्यांना कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेण्याची व्यवस्था केलीत. काही घरांनी तुमच्याशी महिनोन्महिने बोलणे सोडले. तसेच, जातीची पंचायत बसवून दंड ठोठावण्याची भाषा कोणी केली, तेव्हा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा राज्याचा कायदा आणि त्यातली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद तुम्ही त्यांना शांतपणे वाचून दाखवलीत. समिती कोणालाही शिक्षा करत नाही आणि कोणालाही जबरदस्तीने बसवत नाही, ही रेषा तुम्ही कधी पुसट होऊ दिली नाहीत.

या सगळ्यानंतर मी थोडे वाचन केले. शिक्षेपेक्षा झालेले नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या ज्या पद्धतीला पुनर्स्थापक न्याय म्हणतात, तिच्या आधुनिक इतिहासात कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या एल्मिरा गावाची एक गोष्ट सांगितली जाते. १९७४ मध्ये दोन तरुणांनी तिथे एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली आणि न्यायालयाच्या संमतीने ते घरोघरी जाऊन नुकसान झालेल्यांना भेटले, भरपाईही त्यांनीच केली. ते वाचताना मला आमच्या बागेतल्या अकरा ओळी आठवल्या. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये मध्यस्थीचा कायदा मंजूर केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही बाजूंची पूर्वसंमती आणि तीन मध्यस्थ, अशी त्याची रचना आहे, आणि अशा समझोत्याची बजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी करता येणार नाही, हेही त्यात लिहिले आहे. आमच्या पाणीवाटपाच्या कागदावर सह्या होण्यापूर्वी तुम्ही हेच म्हणाला होतात: 'हा कागद कोर्टात धावणार नाही. तुम्ही पाळलात तरच तो कागद.' त्यावर दोन्ही घरांतल्या बायकांच्याही सह्या घ्यायला लावणारेही तुम्हीच.

तो कागद पाळला जात आहे. पाळी आता दिवसांऐवजी तासांवर आहे. ज्याने या फेरीला रात्रीची वीज घेतली त्याला पुढच्या फेरीला दिवसाची मिळते, आणि रात्री विहिरीवर दोन्ही घरांतला एकेक जण मिळून जातो. मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवलेल्या वहीत तासांची नोंद होते. दोन वर्षांत त्या वहीत खाडाखोड तीनदा झाली आहे आणि तिन्ही वेळा शेजारी दोघांच्या सह्या आहेत.

ती वही गेल्या आठवड्यात भरली. तात्यांनी दहिवडीहून दोनशे पानी नवी वही आणली आहे. पहिल्या पानावरचे मथळे मागच्या वेळेप्रमाणे तुमच्याच अक्षरात असावेत, असे आईचे आणि काकूंचे म्हणणे आहे, आणि या बाबतीत दोन्ही घरांत त्यांचाच शब्द चालतो. सोमवारी आमची दिवसाची पाळी आहे. सकाळी नऊच्या सुमारास तात्यांचा मुलगा तुम्हाला न्यायला गाडी घेऊन येईल.

तुमचा विद्यार्थी,
डाळिंबवाल्यांचा थोरला