ताटं परत जायच्या वेळी तुम्ही यायचात

प्रिय डाएटिशियन मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या नावावरून तुम्हाला काही आठवायचं नाही. खिडकीजवळच्या खाटेवरचे डायलिसिसचे काका आणि वही काखेत मारून सगळ्यांशी हुज्जत घालणारी त्यांची मुलगी, एवढं सांगितलं तर कदाचित आठवेल. डिस्चार्जच्या दिवशी बिलं, औषधांची पिशवी, व्हीलचेअर या धांदलीत तुम्हाला भेटायचं राहून गेलं. खरं तर ते निमित्तच. तेव्हा मी तुमच्यावर रागावले होते आणि तो राग उतरायला दोन महिने लागले. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या वह्या बाळगणारे लोक घरोघरी असणार.

बाबांची किडनी सहा वर्षं हळूहळू थकत गेली. त्या काळात मिळालेला आहाराचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता. मीठ बेताचं, फळं मोजून आणि प्रथिनं अगदी कमी: किलोमागे ०.६ ग्रॅम. बाबांचं वजन ५८ किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम. मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, प्रत्येक वाटी मोजली, वहीत लिहिली. येणारेजाणारे कौतुक करायचे आणि मलाही ते आवडायचं, आता कशाला लपवू? पुढे डायलिसिस सुरू झालं, म्हणजे किडनीचं काम मशीनने करायचं, आठवड्यातून तीनदा. घरातलं सगळं वेळापत्रक बदललं, फ्रिजवरचा तक्ता मात्र तसाच राहिला.

आणि एका रात्री बाबांना आडवं होता येईना. धाप. फुप्फुसात पाणी साठलं होतं. ज्याने त्याने एकच विचारलं, पाणी किती पितात? मोजून देत होते, तरी मला वाटलं चोरून पीत असणार. ॲडमिट केल्यावरसुद्धा मी त्यांच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या. "नाही गं प्यायलो," ते म्हणायचे, आणि मी तोंडावर म्हणायचे, "मग पाणी आलं कुठून?"

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दुपारी, ताटं गोळा करणारा मामा ट्रॉली घेऊन निघाला तेव्हा. मला जरा विचित्रच वाटलं. आहार सांगणारं माणूस जेवणाआधी यायला हवं ना? तुम्ही ट्रॉली थांबवलीत, बाबांच्या ताटाचं झाकण उचललंत आणि काही न बोलता चमचा उचलून पाहिलात. चमचा कोरडा होता. बाबांनी सिस्टरना "जेवलो" सांगितलं होतं, सिस्टरनी तसं लिहून घेतलं होतं, आणि माझ्या वहीत त्या दुपारच्या रकान्यात ताटात वाढलेल्या जिनसा ग्रॅमसकट लिहिलेल्या होत्या. वाढलेल्या. खाल्लेल्या कधी मी लिहिल्याच नव्हत्या, सहा वर्षांत एकदाही नाही.

(नंतर वाचताना कळलं, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९ च्या सुमारास हेच लिहून ठेवलंय, की भरल्या ताटासमोर दरवर्षी हजारो रोगी उपाशी राहतात, कारण ते कसे खाऊ शकतील याकडे कुणी बघत नाही. न खाल्लेलं अन्न 'मग खातील' म्हणून उशाशी ठेवून देऊ नये, असंही त्या बजावतात. मी अगदी तेच करत होते. झाकून ठेवायचे. त्या वासानेच त्यांची उरलीसुरली भूक जायची.)

मग तुम्ही बाबांना विचारलंत, "काका, पट्टा कितव्या भोकावर लावता?" मला वाटलं गप्पा मारताय. बाबांनी पट्टा दाखवला. कंपनीची भोकं संपून पुढे खिळ्याने पाडलेली दोन भोकं होती. एकाच घरात राहून मला ती दिसली नव्हती. तुम्ही दंडाचा घेर टेपने मोजलात, दोन बोटांच्या चिमटीत कातडी धरून पाहिलीत, आणि हातात ते मुठीची ताकद मोजायचं यंत्र दिलंत. काटा १४ किलोपाशी थांबला. बाबांना लाज वाटली असावी, त्यांनी न सांगता परत दाबून पाहिलं. पुन्हा १४.

मी म्हटलं, "पण वजन तर तेवढंच आहे. दर डायलिसिसनंतर ५८." तुम्ही म्हणालात, "तेच तर. मांस उतरलं आणि त्या जागी पाणी भरलं. काटा दोन्हीला वजनच म्हणतो."

हे वाक्य कळायला मला जिन्यातल्या कठड्यावर तुमच्याबरोबर दहा मिनिटं बसावं लागलं. डायलिसिसमध्ये पाणी किती काढायचं ते 'ड्राय वेट' वरून ठरतं. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन, ते ड्राय वेट. बाबांचं कागदावर ५८ होतं, त्यांचं खरं ड्राय वेट मात्र ५४ वर आलं होतं. म्हणजे प्रत्येक वेळी मशीन चार किलो, चार लीटर पाणी आत सोडून 'झालं' म्हणत होतं. ते पाणी बाबा चोरून प्यायले नव्हते. मी जे खायला घातलं नव्हतं, त्याची जागा त्याने घेतली होती. बाटलीवरच्या रेघा मी त्याच संध्याकाळी स्पिरिटने पुसल्या. बाबांची माफी मागायला मात्र आणखी आठवडा लागला, ते आमचं आम्ही पाहून घेतलं.

त्या जिन्यात तुम्ही मोबाइलवर तक्त्याचा फोटो पाहिलात आणि विचारलंत, "यावर तारीख कुठे आहे?"

तारीख नव्हती. तिथेच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, सहा वर्षं जिवाचं रान केलं आणि या बाई येऊन माझीच चूक काढतायत. तुम्ही शांतपणे सांगत राहिलात की तक्ता चुकीचा नाही, तो दुसऱ्या माणसाचा आहे, डायलिसिसच्या आधीच्या काकांचा. प्रथिनं पचली की युरिया नावाचा टाकाऊ पदार्थ तयार होतो. किडनी तो बाहेर टाकू शकत नसेल तर प्रथिनं कमी करून तिच्यावरचा भार हलका करायचा, हा विचार १९६० च्या दशकात इटलीतल्या डॉक्टरांनी रुजवला. तेव्हा दीर्घकाळ डायलिसिस नुकतंच कुठे शक्य होऊ लागलं होतं. अमेरिकेत सिएटलमध्ये डॉ. स्क्रिबनर यांनी नळी कायम हातात ठेवायची सोय केली ती १९६० सालची. मशीन कुणाच्या वाट्याला यायचं नाही, म्हणून ताटातूनच जेवढं निभावेल तेवढं निभावायचं. पण एकदा मशीन लागलं की गणित उलटतं. युरिया मशीन काढतंच, आणि त्याबरोबर दर वेळी काही ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटकही वाहून नेतं. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांना साठ-पासष्ट हवी होती. मी काट्यावर तोलून त्याच्या जेमतेम निम्मी देत होते, आणि तीही ते खात नव्हते.

मी अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट पुढे केला, "हा कमी आला म्हणून मी अंड्याचा पांढरा भाग वाढवला होता." तुम्ही तेही थोडं बाजूला सारलंत. अल्ब्युमिन खाण्यापेक्षा आजाराने, आतल्या दाहाने जास्त उतरतं. त्या एका आकड्यावरून पोषण ठरवू नका, पट्टा बघा, मूठ बघा, ताट बघा, असं म्हणालात. अंड्याचा पांढरा भाग मात्र चालू ठेवा म्हणालात, कारण त्यात प्रथिनं चांगली आणि थकलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता न येणारा फॉस्फरस जवळजवळ नाही. त्याच बरोबर पोट भरेल एवढी ऊर्जाही हवी, नाहीतर शरीर तीच प्रथिनं इंधन म्हणून जाळतं. चुलीत चंदन घालण्यासारखं.

आता मिठाचं. हे लिहायला जड जातंय. 'कमी सोडियम' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं मीठ मी मुद्दाम आणलं होतं, महाग असूनही. तुम्ही पुडी मागवलीत आणि मला मागची बाजू मोठ्याने वाचायला लावलीत. पोटॅशियम क्लोराइड. सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं. ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढलं तर ज्याचं हृदय अचानक थांबू शकतं, त्या माणसाच्या जेवणात मी ते चिमटी-चिमटीने घालत होते. अर्ध्या केळ्यासाठी त्यांच्याशी भांडत होते ते वेगळंच. तुम्ही रागावला नाहीत. पुडी घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकलीत, बस.

बटाट्याचंही तसंच. रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायची माझी पद्धत होती. नुसतं भिजवून फार काही होत नाही, हे तुमच्याकडून कळलं. बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम साधारण निम्म्यावर येतं. सहा वर्षांत बाबांना मी बटाटा किती वेळा नाकारला असेल! तो पुन्हा ताटात आला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पण ताटात काही उरलंही नाही.

आणि फॉस्फेट, म्हणजे अन्नातला तोच फॉस्फरस, अडवायची ती गोळी. मी इतर औषधांबरोबर सकाळी दहाला द्यायचे, वक्तशीर. ती अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच धरून ठेवते, म्हणजे पोटात अन्नच नसेल तर धरणार काय? आता ती ताटाशेजारी असते, पहिल्या घासांबरोबर. डबाबंद आणि पाकिटातल्या खाण्यात मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं अंगात शिरतं, डाळी-कडधान्यांतलं बरंच कमी, हेही तुमच्यामुळे कळलं. मी नेमकं उलटं करत होते. डाळी बंद, आणि 'हलकं खाणं' म्हणून पाकिटातलं सूप चालू.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. इतकी वर्षं जे 'नको' म्हणून शिकवलं ते 'खा' म्हणताना माझीच जीभ वळेना, आणि बाबांनाही खाताना धाक वाटायचा. मासा ताटात घेतला की माझ्याकडे बघायचे. तुम्ही सांगितलं होतंत की एकदम तीन मोठी जेवणं देऊ नका, सहा लहान द्या, आणि सहातलं निदान एक त्यांच्या मनासारखं असू द्या. ते एक त्यांनी स्वतः ठरवायचं, मी विचारायचंसुद्धा नाही. एवढं पाळणं मला सगळ्यात अवघड गेलं. तहानेचं मात्र आश्चर्य वाटलं. मीठ खरोखरच उतरलं तशी तहानही उतरली. आता ते लहान कपाने पितात, मध्येच बर्फाचा खडा चघळतात, आणि बाटलीकडे कुणी बघत नाही.

ड्राय वेट आधी ५४ वर आणलं, धाप गेली. मग अंगावर थोडं मांस धरू लागलं तसं डॉक्टरांनी ते ५५ केलं, गेल्या आठवड्यात ५५.५. मुठीचा काटा १९ वर गेलाय. पट्टा अजून खिळ्याच्याच भोकात आहे, पण पहिल्या.

मॅडम, डॉक्टरांचे आभार सगळे मानतात, मीही पेढ्यांसकट मानले. तुमच्या हातात स्टेथोस्कोप नव्हता, एक टेप होती आणि पेन्सिल. बिलाच्या लांबलचक यादीत तुमची ओळ कुठेतरी मध्येच होती. मी ती शोधून खूण करून ठेवली आहे.

नव्या तक्त्याच्या कोपऱ्यात तुम्ही तारीख घातलीत आणि खाली लिहिलंत, 'तीन महिन्यांनी फाडणे.' ते तीन महिने आता भरत आले. फाडायचा मान बाबांना हवा आहे, मला हात लावायचा नाही असं बजावलंय. मंगळवारी डायलिसिस आटोपलं की आम्ही येतो. तुम्हाला विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांनी माझ्याच वहीत, मागच्या पानावर केली आहे. पहिला प्रश्न टोमॅटोचा आहे, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

आपली,
खिडकीजवळच्या काकांची मुलगी